खूण आणि नकाशा

माझ्या भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या त्या संध्याकाळी आम्ही काचीगुड्याच्या घरातलं जेवणाचं टेबल रिकामं केलं. पत्रिकांना हळद-कुंकू लावून झालं, तसे माझे बाबा चष्मा पुसून पुढे सरसावले. बाबा निवृत्त पोस्टमन. १९७० साली त्यांना पहिली बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, मिळाली आणि पुढची ३८ वर्षं त्यांनी मुसी नदीच्या दोन्ही काठांवर टपाल वाटलं. पत्त्यांवर जेमतेम नजर टाकत ते पत्रिका लावू लागले. इसामिया बाजार, सुलतान बाजार, गौळीगुडा, मग पूल ओलांडून हुसैनी आलम, शाहअली बंडा. प्रत्येक भागाचा वेगळा गठ्ठा, आणि गठ्ठ्यातही क्रम ठरलेला. ज्या दारात आधी जायचं, ती पत्रिका वर.

माझी लेक मेंदूविज्ञान शिकते. आपण कुठे आहोत हे प्राण्याला कसं कळतं, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, "आजोबा, पत्ते यात घाला. तो रस्ता काढून देईल." तिथून जे बोलणं सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत चाललं. मी कडेला बसून ऐकत होते. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते आणि मला दोघांचंही पटत होतं. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

आजोबा: फोनला पत्ता कळतो, घर कळत नाही. या शहरात घराचा नंबर म्हणजे तीन आकडे आणि मध्ये आडव्या रेघा. वॉर्ड, ब्लॉक, घर. घराचे वाटे झाले की तिरकी रेघ मारून आणखी एक आकडा. शेजारच्या दारावर पुढचाच नंबर असेल, याचा भरवसा नाही. नवा पोस्टमन नंबर पाठ करून दमायचा. त्याला आम्ही सांगायचो, बाबा रे, चिंचेखालचं घर, बेकरीसमोरचा जिना, निळं दार, असं शीक. माणूस खुणांनी चालतो. वर्षभर चालला की खुणाही लागत नाहीत, पायच जाणतात. डोक्यात नकाशा वगैरे काही नसतो.

नात: आजोबा, अगदी हाच वाद मानसशास्त्रज्ञांत झाला होता. एक पक्ष तुमच्या बाजूचा. उंदीर चक्रव्यूह शिकतो म्हणजे वळणं शिकतो. खूण दिसली की पाय वळतो, एवढंच, असं ते म्हणायचे. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियातले एडवर्ड टोलमन. त्यांनी नेहमीची वाट बंद केली आणि उंदरापुढे बऱ्याच नव्या वाटा ठेवल्या. पुष्कळ उंदरांनी थेट अन्नाच्या दिशेला जाणारी वाट धरली. त्या वाटेने ते पूर्वी कधी गेले नव्हते. १९४८ मध्ये टोलमननी लिहिलं, की उंदराच्या आणि माणसाच्याही डोक्यात परिसराचा नकाशा तयार होतो. आता मला सांगा, गल्लीत लग्नाचा मांडव पडलेला असला की तुम्ही काय करायचात?

आजोबा: मागच्या अंगाने जायचो.

नात: त्या वाटेने आधी गेलेले होतात?

आजोबा: प्रत्येक वेळी कुठून गेलेला असणार? पण जायचं ते घर कुठल्या अंगाला आहे, हे ठाऊक होतं ना!

नात: मग "कुठल्या अंगाला" हे पायांना कोणी सांगितलं?

बाबांचा हात थांबला. त्यांनी हातातली पत्रिका तशीच धरून ठेवली आणि "बोल पुढे" म्हणाले.

नात: टोलमनच्या म्हणण्याला मेंदूतला पुरावा मिळायला १९७१ साल उजाडलं. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसासारख्या बारीक तारा सोडल्या आणि त्याला मोकळं फिरू दिलं. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला, आठवणींसाठी लागणारा भाग. त्यातली एक पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की टकटक टकटक करायची आणि तिथून हलला की गप्प व्हायची. दुसरी पेशी दुसऱ्या जागी बोलायची. कुठली पेशी बोलते आहे एवढं पाहिलं, तरी उंदीर कुठे आहे ते सांगता येतं. या स्थळपेशी. आणि गंमत म्हणजे मेंदूत शेजारी बसलेल्या दोन पेशींच्या जागा बाहेर शेजारी असतीलच असं नाही. आपल्या हैदराबादच्या घरनंबरांसारखंच!

आजोबा: म्हणजे नंबर विस्कटलेले आहेत, पण प्रत्येक घर आपला नंबर ओळखून आहे. बरं. पण हे खुणेचंच काम झालं की. उंदराला कोपरा दिसला, पेशी बोलली.

नात: दिवे घालवले तरी त्यातल्या पुष्कळ पेशी बोलत राहतात. चालताना किती पावलं झाली, किती वळलो, याचा हिशेब मेंदू आत ठेवतो. त्यात दिशेसाठी दिशापेशी आहेत. डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की त्या बोलतात. आणि २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोनहाइममध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेला हिप्पोकॅम्पसच्या दारातच, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये, आणखी वेगळ्या पेशी सापडल्या. त्यातली एक पेशी एका जागी बोलत नाही, अनेक जागी बोलते. त्या जागा कागदावर मांडल्या तर समभुज त्रिकोणांची जाळी दिसते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. खोलीत तशी जाळी कोणी आखलेली नसते, उंदराचा मेंदू ती आखतो. या जाळीपेशी. ओकीफ आणि दोघं मोझर यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आता सांगा, हा नकाशा नाही तर काय?

आजोबा: तुझी जाळी ऐकून मला आमच्या खात्याचं नवं काम आठवलं. डिजिपिन. सगळ्या देशाचे साधारण चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला अक्षरं-आकडे मिळून दहा चिन्हांची खूण दिली. इथल्याच आयआयटी हैदराबादने आणि इस्रोच्या एनआरएससीने टपाल खात्याबरोबर ते केलं. चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. त्याआधी पिन कोड आला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. १५ ऑगस्ट १९७२. तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी. आबिड्सच्या जीपीओला ५००००१ मिळाला, तेव्हा आम्हाला केवढा अभिमान! पण नीट ऐक. पिन कोडने पत्र पोस्टापर्यंत येतं. दारापर्यंत न्यायला पोस्टमन लागतो, आणि तो चिंच बघतो. तुझी जाळी उंदराला पोस्टापर्यंत आणत असेल. दारापर्यंत कोण नेतं?

आता थांबायची पाळी लेकीची होती. पण तिचा चेहरा उजळलेला दिसला. चांगला प्रश्न आला की तिचा चेहरा तसा होतो.

नात: आजोबा, हे तुम्ही बरोबर पकडलंत. नुसत्या पावलांच्या हिशेबावर चाललं तर चूक साठत जाते. दहा पावलांत थोडी, शंभर पावलांत जास्त. खोलीची भिंत लागली की जाळीपेशींचा हिशेब पुन्हा जागेवर येतो. दिशापेशींचंही तसंच. गोल खोलीच्या भिंतीवर एकच पांढरा पुठ्ठा लावला आणि नंतर तो फिरवला, तर पेशींची दिशाही त्याच्याबरोबर फिरते. त्यांच्या लेखी तो पुठ्ठाच चारमिनार.

आजोबा: बघ! मेट्रोच्या जिन्यावरून खाली उतरलो की मला दोन मिनिटं दिशा लागत नाही. पण चारमिनार दिसला की सगळं शहर डोक्यात एकदम नीट बसतं. त्याच्या चार कमानी चार दिशांना. १५९१ पासून तो हेच काम करतो आहे.

नात: आणि दारापर्यंत कोण नेतं त्याचं उत्तर. जाळीपेशी एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या आतल्या बाजूच्या भागात असतात. बाहेरच्या बाजूचा भाग काय करतो, यावर सचिन देशमुख आणि जेम्स निरिम यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला काम केलं. देशमुख आता बंगळूरच्या आयआयएससीत आहेत. त्यांनी उंदराच्या रिंगणात वस्तू ठेवल्या. त्या बाहेरच्या भागातल्या काही पेशी वस्तूंपाशी बोलू लागल्या. वस्तू उचलल्यावर, जिथे ती पूर्वी होती ती रिकामी जागाही काही पेशींनी ओळखली. २०१३ मध्ये त्यांनी हिप्पोकॅम्पसमध्ये मोजक्या पण विलक्षण पेशी दाखवल्या. त्या एकाहून जास्त वस्तूंपासून त्याच अंतरावर आणि त्याच दिशेला बोलत होत्या. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यापासून अमुक पावलं, तमुक अंगाला.

आजोबा: चिंचेपासून वीस पावलं, उजव्या अंगाला.

नात: उजव्या नाही, पूर्वेच्या म्हणा. उंदीर कुठेही तोंड करून असला तरी चालतं. म्हणजे "कुठे" एका दाराने आत येतं, "काय" दुसऱ्या दाराने, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये दोघांची गाठ पडते. माझा नकाशा आणि तुमची चिंच.

आजोबा: आणि पाय? पायांचं काय झालं?

नात: पाय नसतील तर नकाशाही धड राहत नाही. लॉस एंजेलिसला मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना चेंडूवर जागच्या जागी पळवलं आणि भोवती पडद्यावर खोटी खोली दाखवली. डोळ्यांना सगळं दिसत होतं. तरी खऱ्या खोलीत बोलणाऱ्या निम्म्याहून अधिक पेशी गप्प झाल्या. शरीर पुढे जात नव्हतं, वास बदलत नव्हता. २०१३ मधलाच हा प्रयोग. आणि तुम्ही म्हणता त्या सवयीची तर मेंदूत वेगळीच जागा आहे.

आजोबा: सवयीचं मी सांगतो. माझी बीट बदलली तेव्हा पहिला आठवडा सायकल जुन्या वळणावर आपोआप वळायची. डोकं म्हणायचं सरळ जा, हात हँडल वळवायचे. एकदा तर अर्ध्या गल्लीत जाऊन परत आलो.

नात: याचा सुंदर प्रयोग आहे. १९९६, पॅकार्ड आणि मगॉ. अधिक चिन्हासारखा चक्रव्यूह. उंदीर रोज एकाच टोकाकडून निघतो आणि डावीकडे अन्न मिळतं, असं समजा. मग त्याला समोरच्या टोकाकडून सोडायचं. आठव्या दिवशी बहुतेक उंदीर अन्नाच्या जागेकडे गेले, म्हणजे वळण उलटं घेतलं. सोळाव्या दिवशी बहुतेकांनी जुनंच वळण घेतलं आणि चुकले. सवय जिथे राहते तो कॉडेट नावाचा भाग त्या दिवशी औषधाने थोडा वेळ बधिर केला, तर उंदीर पुन्हा बरोबर जागी गेले. नकाशा पुसलेला नव्हता, सवय त्याच्यापुढे बोलत होती.

आजोबा: म्हणजे आधी डोकं शिकतं आणि मग पायांवर सोपवतं.

नात: हो. आणि हे तुम्ही आत्ता टेबलावर जे करताय ना, तेही मेंदू करतो. उंदीर निघण्याआधी क्षणभर थांबतो. तेवढ्यात त्याच्या स्थळपेशी पुढच्या वाटेच्या क्रमाने भराभर बोलून जातात. पाय हलायच्या आधी वाट आत एकदा चालून होते. झोपेतही दिवसभराच्या वाटेच्या पेशी पुन्हा एकत्र बोलतात. २०१२ मध्ये शंतनू जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाग्या उंदरांत ही भराभर उजळणी चालू असतानाच मोडली. उंदरांना वाट शिकणं जड गेलं. तुम्ही रोज सकाळी पत्रं क्रमाने लावायचात, तेव्हा अख्खी बीट एकदा मनात चालून व्हायची.

बाबा हसले. "आम्ही त्याला नुसतं टपाल लावणं म्हणायचो," म्हणाले.

याच वेळी लेकीला गौळीगुड्याच्या गठ्ठ्यात एक पत्रिका दिसली. पत्ता मियापूरचा होता. "ही इथे कशी?" तिने विचारलं. बाबांनी ती हातात घेतली, नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नाव त्यांच्या पोस्टातल्या सोबत्याचं होतं. चाळीस वर्षं ते गौळीगुड्यात राहिले; तीन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना मियापूरला नेलं. बाबांच्या हाताने पत्रिका जुन्या घराच्या जागी ठेवली होती.

आजोबा: मघापासून माझ्या मनात तोच आहे. गेल्या वर्षी तो औषध आणायला खाली उतरला आणि परत यायची वाट विसरला. दोन तास स्वतःच्या इमारतीभोवती फिरत होता. शहराची गल्ली अन् गल्ली ओळखणारा माणूस! पाय धडधाकट. मी तेव्हापासून विचार करतो आहे, की पाय जाणत असते तर ते त्याला घरी का घेऊन आले नाहीत? तू म्हणतेस तो नकाशा खरा असेल, तर तो फाटतो कसा?

नात: अल्झायमरमध्ये जे भाग अगदी सुरुवातीला झिजतात, त्यात एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आहे. जिथे जाळीपेशी असतात तोच. म्हणून नाव विसरण्याच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, माणूस वाट चुकतो. घरच्यांना वाटतं लक्ष नव्हतं. ते तसं नसतं, आणि ते वेळेवर डॉक्टरांना दाखवायला हवं. पण आजोबा, मला सांगा, गौळीगुड्याची वाट त्यांना आठवते?

आजोबा: तोंडपाठ! फोनवर मला अख्खी बीट म्हणून दाखवतो. कोणाच्या दारात कुत्रा, कोणाची मनीऑर्डर कधी यायची, सगळं.

नात: तर मग इथे माझं म्हणणं मला थोडं मागे घ्यावं लागतं. अमेरिकेत एक रुग्ण होता, ई. पी. नावाने ओळखला जाणारा. मेंदूच्या संसर्गात त्याचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस गेले. नंतर तो ज्या वस्तीत राहायला गेला तिथली एकही वाट तो शिकू शकला नाही. पण लहानपणी ज्या भागात वाढला, तिथली कुठूनही कुठे जायची वाट तो बरोबर सांगायचा. नेहमीचा रस्ता बंद आहे म्हटलं तर वळसाही सांगायचा. १९९९ मध्ये टेंग आणि स्क्वायर यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे हिप्पोकॅम्पस नकाशा बनवतो, पण फार जुना, फार चाललेला नकाशा त्याच्या एकट्याच्या ताब्यात राहत नाही. तो मेंदूच्या इतर भागांत जाऊन रुजतो. नवा बनवणं मात्र त्याच्याशिवाय जमत नाही. तुमच्या सोबत्यांच्या मनात गौळीगुडा शाबूत आहे. मियापूर तिथे कधी नीट उमटलंच नाही.

आजोबा: म्हातारपणी माणसाचं घर बदलू नये म्हणतात, ते उगीच नाही.

नात: आणि बदलावंच लागलं, तर त्याला नवी वाट कोणी तरी सोबत राहून, रोज, तीच खूण दाखवत चालवावी. सवयीचा भाग बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतो. तुमचे पाय, आजोबा. शेवटी तेही कामी येतात.

यानंतर टेबलावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बाबांनी फोनकडे बोट दाखवलं.

आजोबा: आता याचं सांग. हा वाट काढून देतो, तेव्हा तुझ्या त्या पेशी काय करतात?

नात: २०१७ मध्ये लंडनच्या सोहो भागाची चित्रफीत दाखवून हेच तपासलं. माणूस स्वतः वाट शोधत असताना नव्या रस्त्यावर वळला, की तिथून किती फाटे फुटतात त्यानुसार हिप्पोकॅम्पस जास्त काम करताना दिसला. यंत्र सांगेल तसं जाताना ते दिसलं नाही. त्याच लंडनमध्ये एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस तपासला होता. त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. २०११ मध्ये त्यांनी परवान्यासाठी शिकणाऱ्यांना अभ्यासाआधी आणि नंतर तपासलं. जे हजारो रस्ते पाठ करून उत्तीर्ण झाले, त्यांच्यात वाढ दिसली. जे नापास झाले किंवा मध्येच सोडून गेले, त्यांच्यात नाही.

आजोबा: मग तू पत्ते फोनमध्ये घालायला का सांगत होतीस?

नात: वेळ वाचावा म्हणून. आणि खरं सांगू? मला हे सगळं माहीत आहे, पण मी स्वतः कोटीहून शाहअली बंड्याला फोनशिवाय जाऊ शकत नाही. मी याच शहरात वाढले. रिक्षात बसून, खाली बघत.

तिचं हे वाक्य माझ्या मनात रुतलं, कारण त्यात माझाही वाटा आहे. तिला शाळेत नेताना मीच रिक्षा ठरवायचे. २०२२ मध्ये ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपण शहराबाहेर किंवा वेड्यावाकड्या गल्ल्यांच्या गावात गेलेली माणसं मोठेपणी वाट शोधण्यात सरस निघाली. सरळ आखीव रस्त्यांच्या शहरांत वाढलेली त्यांच्या मागे पडली. गल्ल्यांचं ते धन आमच्या घराशेजारी होतं आणि मी लेकीला त्यावरून नुसती नेली, त्यात सोडली नाही. मूल दहा वर्षांचं झालं की त्याला दोन गल्ल्या पलीकडे किराणा आणायला पाठवायला हवं, हे आता मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. डोक्यातला नकाशा ऐकून किंवा बघून मिळत नाही. ज्याचा त्याने चालून काढावा लागतो, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत साथ देईल एवढा खोल रुजवायचा, तर लवकर चालायला हवं.

रविवारी आजोबा आणि नात पत्रिका घेऊन निघाले. फोन तिच्या पिशवीत होता. पुढे ती चालत होती आणि मागून बाबा. चुकली की ते काही सांगत नव्हते, फक्त थांबत होते. अफझलगंजच्या पुढे नयापूल ओलांडून ती दोनदा चुकली. मग चारमिनार दिसल्यावर स्वतःच फिरली. शाहअली बंड्याची शेवटची पत्रिका देऊन परत आली तेव्हा तिने मला कागदावर सगळी वाट काढून दाखवली. रस्त्यांची नावं दोनच होती, बाकी पिंपळ, चुन्याची भट्टी वाटावी अशी पांढरी भिंत, बंद पडलेलं घड्याळाचं दुकान.

मियापूरची पत्रिका त्यांनी वेगळी ठेवली होती. पुढच्या रविवारी दोघं मेट्रोने गेले. पत्रिका दिल्यावर बाबा सोबत्याला घेऊन खाली उतरले आणि फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत चालले. कोपऱ्यावर गुलमोहर होता. बाबांनी त्याच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथून डावीकडे." परत आले, पुन्हा गेले. सहा वेळा. सहाव्या वेळी सोबत्याने स्वतः बुंध्यावर हात ठेवला.

आता बाबा दर रविवारी जातात.